बर्कलेत दोन दिवस, सावकाश

कोल्हापुरातून अमेरिकेला जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एके काळी कुणाचा मुलगा परदेशी निघाला की गळ्यात हार घातलेला त्याचा फोटो स्थानिक वृत्तपत्रात झळकायचा. आता राजारामपुरीत काय किंवा ताराबाई पार्कात काय, गल्लीत एक तरी घर असे निघते की ज्याला चार-सहा महिने कुलूप असते आणि शेजारी सांगतात, ‘‘काका-काकू कॅलिफोर्नियाला गेलेत, मुलाकडे.’’ कधी सुनेचे बाळंतपण असते, कधी नातवाचा पहिला वाढदिवस, तर कधी ‘एकदा येऊन जा’ हे कित्येक वर्षांचे बोलावणे.

परत आल्यावर मंडळी फोटो दाखवतात. डिस्नेलँड, लास व्हेगास, ग्रँड कॅन्यन, हॉलिवूड. प्रत्येक फोटोत मागे काहीतरी भव्य आणि पुढे दमलेले दोन चेहरे. मुलाला रजा मोजकी. त्यामुळे जे काही पाहायचे ते शनिवार-रविवारला जोडून, पहाटे निघून, मध्यरात्री परतून. ‘‘बाबा, चला लवकर, पार्किंग मिळणार नाही,’’ हे वाक्य त्या सहलींचे पालुपद असते. सोमवार ते शुक्रवार घरात बसायचे आणि शनिवार-रविवारी मोटारीत बसायचे, एवढाच काय तो बदल.

यात दोष कुणाचा नाही. कॅलिफोर्नियाची उपनगरे मोटारीसाठी वसलेली आहेत. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गाडी काढावी लागते. कोल्हापुरात सत्तरीतही रोज रंकाळ्याला फेरी मारणारा, मंडईत घासाघीस करणारा, केएमटीची वाट पाहता पाहता चार लोकांशी बोलणारा माणूस तिथे गेला की एकदम परावलंबी होतो. कुणी नेले तर जायचे, कुणी आणले तर यायचे. घरात सगळी सुखे असतात, पण पाय गेल्यासारखे वाटते. आणि गुडघ्यांचा, रक्तदाबाचा विचार केला तर अशा वाऱ्या आयुष्यात किती होणार? दोन, फार तर तीन. त्यातली एक तरी सहल अशी असावी की जिथे आई-वडील स्वतःच्या पायांनी चालतील, स्वतः तिकीट काढतील आणि कंटाळा आला की बाकावर बसून राहतील.

अशी जागा कॅलिफोर्नियात आहे. ती म्हणजे विद्यापीठाचे गाव.

विद्यापीठाचेच गाव का?

विद्यार्थ्यांच्या खिशाला मोटार सहसा परवडत नाही, म्हणून विद्यापीठाचे गाव चालण्याजोगे राहते. तिथे पदपथ असतात, बस असते, स्वस्त खाणे असते, जुन्या पुस्तकांची दुकाने असतात आणि कुणी हटकत नाही असे बाक असतात. सॅन होजेजवळचे स्टॅनफर्ड विद्यापीठ देखणे आहे. १८९१ साली सुरू झालेल्या त्या विद्यापीठाच्या कमानी आणि ओवऱ्या पाहण्यासारख्या आहेत, पण गाव त्यापासून थोडे वेगळे पडते. सॅक्रामेंटोजवळचे डेव्हिस हे सायकलींचे गाव. १९६७ साली तिथे रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळे पट्टे आखले गेले, तेव्हा अमेरिकेत ते नवीनच होते. सांताक्रूझला समुद्र आहे, पण विद्यापीठ उंच टेकडीवर.

आपल्या मंडळींना सर्वांत सोयीचे बर्कले. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर हे शहर आहे. १८६८ साली स्थापन झालेले कॅलिफोर्निया विद्यापीठ १८७३ मध्ये इथल्या आवारात आले आणि गाव त्याच्याभोवती वाढले. गावाला नाव मिळाले ते जॉर्ज बर्कले या आयरिश तत्त्वज्ञ बिशपचे. पुढे या गावाचेच नाव एका मूलद्रव्याला मिळाले. ९७ क्रमांकाचे बर्केलियम आणि ९८ क्रमांकाचे कॅलिफोर्नियम ही दोन्ही १९४९-५० मध्ये इथल्याच शास्त्रज्ञांनी शोधली. नातू दहावी-बारावीत असेल तर त्याला हे जरूर सांगावे. आवर्तसारणीतले एक घर आपण पायी फिरून आलो, असे त्याला शाळेत सांगता येईल.

केव्हा जावे, कसे जावे

पहिली गोष्ट म्हणजे स्वेटर. ‘उन्हाळा आहे, कशाला हवा’ म्हणून जुलैत सुती कपड्यांत गेलेली माणसे कुडकुडत परत येतात. उन्हाळ्यात समुद्रावरून धुके आत येते आणि सकाळ पन्हाळ्याच्या पावसाळी सकाळीसारखी गारठलेली असते. खरी ऊब सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च.

दुसरी गोष्ट, तीन वेळा टाळाव्यात. मेच्या मध्याला पदवीदान असते, तेव्हा हॉटेलात खोली मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात नवे विद्यार्थी गाद्या आणि खुर्च्या घेऊन गावात उतरतात. आणि शरद ऋतूत ज्या शनिवारी विद्यापीठाच्या संघाचा फुटबॉलचा सामना घरच्या मैदानावर असतो, त्या दिवशी गावात निवांतपणा शोधू नये. हे मैदान १९२३ सालचे. ते चक्क हेवर्ड नावाच्या भूकंपरेषेवर बांधलेले आहे आणि त्याचे दोन भाग वर्षानुवर्षे अगदी हळूहळू एकमेकांपासून सरकत आहेत. १९६७ च्या डिसेंबरातला कोयनेचा धक्का ज्यांना आठवतो, त्यांनी हे मैदान बाहेरून पाहिले तरी पुरे.

जाताना मोटार शक्य तो घरी ठेवावी. आपली बरीच मराठी कुटुंबे फ्रीमाँट, मिल्पिटास, सॅन होजे, सनीव्हेल या पट्ट्यात आहेत. १९७२ साली सुरू झालेली बार्ट ही लोकल रेल्वे २०२० मध्ये मिल्पिटास आणि सॅन होजेतील बेरिएसापर्यंत पोचली. तिची नारिंगी मार्गावरची गाडी गाडी न बदलता डाउनटाऊन बर्कलेला सोडते. फ्रीमाँटहून साधारण पाऊण तास. सनीव्हेलच्या मंडळींनी मिल्पिटासपर्यंत मोटारीने जावे. पासष्टी ओलांडलेल्यांना क्लिपर नावाच्या प्रवासकार्डावर मोठी सवलत मिळते, पण ज्येष्ठांचे कार्ड वयाचा पुरावा दाखवून आधी काढून ठेवावे लागते. मुलाने हे एवढे काम पहिल्या आठवड्यातच करून द्यावे. ते कार्ड खिशात आले की वडिलांच्या चालण्यात फरक पडतो!

तिसरी गोष्ट, एक रात्र तिथेच राहावे. सकाळी जाऊन रात्री परतायचे म्हटले की पुन्हा घड्याळ मानगुटीवर बसते. स्टेशनाजवळ खोली घेतली की दुपारी तासभर आडवे होता येते. आपल्या वयाच्या माणसाला दुपारची ही झोप दोन प्रेक्षणीय स्थळांपेक्षा जास्त मोलाची असते.

शनिवार : बाजार, बुरूज आणि पायऱ्या

सकाळी दहाला सेंटर स्ट्रीटवर शेतकऱ्यांचा बाजार भरतो. आठवडी बाजारच तो! शेतकरी स्वतः माल घेऊन येतात, फोड कापून चवीला देतात. भावाला हात लावू नये, कारण घासाघीस चालत नाही. पण स्ट्रॉबेरी किंवा पीच घ्यावेत आणि चालता चालता खावेत.

तिथून विद्यापीठाचे आवार दहा मिनिटांवर आहे. एक सूचना महत्त्वाची : आवार पश्चिमेकडून पूर्वेकडे चढत जाते. गुडघे कुरकुरत असतील तर टॅक्सीने वरच्या बाजूला जावे आणि उतरत खाली यावे. मध्यभागी सेदर टॉवर उभा आहे. लोक त्याला कॅम्पनीली म्हणतात. व्हेनिसच्या घंटाघराच्या धर्तीवर १९१४ साली बांधून झालेला हा ३०७ फुटी मनोरा. लिफ्ट वरच्या बाजूला सोडते, पण शेवटच्या काही पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि लिफ्ट चालू आहे की नाही याची आधी चौकशी केलेली बरी. वर ६१ घंटा आहेत, मधल्या मजल्यांवर प्राचीन प्राण्यांची हाडे साठवून ठेवलेली आहेत आणि अलीकडच्या वर्षांत बहिरी ससाण्यांनी तिथे घरटे केले आहे. घंटा, हाडे आणि ससाणे एका छपराखाली नांदताहेत, हे विद्यापीठालाच शोभते.

आवारात मोटारी लावण्याच्या जागांवर कुठे कुठे ‘एन. एल.’ अशी अक्षरे दिसतील. त्या जागा नोबेल पारितोषिक मिळवलेल्या प्राध्यापकांसाठी राखीव आहेत. गाडी लावायला जागा मिळणे हाच तिथला खरा मान आहे, असे विद्यार्थी गमतीने म्हणतात.

मग सेदर गेटमधून बाहेर पडून स्प्राऊल हॉलच्या पायऱ्यांवर बसावे. या साध्या पायऱ्यांना इतिहास आहे. १९६४ साली विद्यापीठाने आवारात राजकीय प्रचार करण्यावर बंदी घातली. १ ऑक्टोबरला एका तरुणाला पकडून पोलिसांनी गाडीत बसवले, तर विद्यार्थ्यांनी त्या गाडीला बत्तीस तास वेढा घातला आणि तिच्या टपावर उभे राहून भाषणे केली. डिसेंबरात मारिओ सॅव्हिओ या विद्यार्थ्याने इथेच केलेले भाषण गाजले. त्यानंतर आठशेच्या आसपास विद्यार्थ्यांना अटक झाली. शेवटी विद्यापीठाला नमते घ्यावे लागले आणि १९९७ मध्ये त्याच विद्यापीठाने पायऱ्यांना सॅव्हिओचे नाव दिले. बिंदू चौकातल्या सभा ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराला या पायऱ्यांवर परके वाटण्याचे कारण नाही.

दुपारच्या जेवणाची शाकाहारी मंडळींना फार काळजी असते. इथे ती नको. शॅटक अव्हेन्यूवर चीज बोर्ड नावाचे दुकान आहे. १९६७ साली निघालेले हे दुकान १९७१ पासून तिथे काम करणाऱ्यांच्याच मालकीचे आहे. थोडक्यात, सहकारी संस्था. त्यांच्या पिझ्झाच्या दुकानात रोज एकाच प्रकारचा पिझ्झा मिळतो आणि तो नेहमी शाकाहारी असतो. निवड करायची डोकेदुखीच नाही. रविवारी ते बंद असते, म्हणून शनिवारीच जावे. साखर कारखाने आणि दूध संघ सहकारावर उभे करणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने त्या रांगेत उभे राहून जरा हिशेब मांडून पाहावा.

दुपारी झोप. संध्याकाळी युक्लिड अव्हेन्यूवरची गुलाबाची बाग. मंदीच्या काळात बेरोजगारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून ती उभी राहिली आणि १९३७ मध्ये खुली झाली. अर्धवर्तुळाकार पायऱ्यापायऱ्यांची ही बाग मेमध्ये ऐन बहरात असते आणि धुके नसेल तर समोर गोल्डन गेट पुलावर सूर्य मावळताना दिसतो.

आपल्या माणसांचा रस्ता

डाउनटाऊन बर्कले स्टेशनातून वर आले की शॅटक अव्हेन्यूच्या एका फाट्यावर ‘कला बागाई वे’ अशी पाटी दिसते. तिथे मात्र घाई करू नये.

कला बागाई १९१५ साली पती वैष्णोदास आणि तीन लहान मुलांसह पेशावरकडून सॅन फ्रान्सिस्कोला आल्या. काही काळाने त्यांनी बर्कलेत घर घेतले. सामान घेऊन राहायला गेले, तर शेजाऱ्यांनी त्यांना आत शिरता येऊ नये म्हणून घरच बंद करून टाकले होते. ते कुटुंब आल्या पावली परत फिरले. वैष्णोदासांना १९२१ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. पण १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिक होता येणार नाही असा निकाल दिला आणि त्यांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. दुकान गेले. मायदेशी जाऊन येण्यासाठी पासपोर्टही मिळेना. १९२८ साली या स्वाभिमानी माणसाने आपले जीवन संपवले. कलाबाईंनी एकटीने मुलांना वाढवले, शिकवले. ज्या गावाने त्यांना दारातून परतवले, त्याच गावाने २०२० मध्ये एका रस्त्याला त्यांचे नाव द्यायचे ठरवले. आपल्या मुलाने तीस वर्षांच्या कर्जावर घेतलेल्या घराची किल्ली आपण सहज फिरवतो, तेव्हा ही पाटी आठवावी.

याच गावात आणखी एक गोष्ट कोल्हापूरकराच्या कानाला ओळखीची वाटेल. स्टॉकटनच्या परिसरात बटाट्याची शेती करून पैसा मिळवलेले ज्वालासिंग हे पंजाबी शेतकरी. १९१२ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या तरुणांना बर्कलेत शिकता यावे म्हणून गुरु गोविंदसिंगांच्या नावाने शिष्यवृत्त्या सुरू केल्या. धर्माची अट नव्हती. मुलांच्या राहण्या-जेवणाची सोयही त्यांनी पाहिली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी पहिले वसतिगृह काढले आणि पुढे एकामागून एक समाजांसाठी वसतिगृहे उभी केली, म्हणून कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. एकीकडे संस्थानाचा राजा आणि दुसरीकडे परमुलखात राबणारा शेतकरी. दोघांना कळले होते ते एकच : गरिबाच्या पोराला डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी मिळाली तरच तो पुस्तक उघडतो.

या किनाऱ्यावरच्या हिंदी मजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून १९१३ मध्ये गदर पक्ष उभा केला. नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतून ‘गदर’ हे पत्र निघू लागले. त्यात आपलीही माणसे होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे सॅन राफेलच्या लष्करी अकादमीत शिकले, वॉशिंग्टन राज्यात शेतीशास्त्राचे पदवीधर झाले आणि पुढे मेक्सिकोत मक्याचे संशोधक म्हणून नावाजले. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून १९१४ मध्ये मायदेशी परतला, मीरतच्या छावणीत पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा याच्याबरोबर फासावर गेला. दोघेही ऐन तारुण्यात होते. शिकायला म्हणून परदेशी गेलेल्या मुलांची पत्रे येत नाहीत म्हणून झुरणारे आई-बाप तेव्हाही होतेच.

रविवार : पुस्तके, घंटा आणि भेळ

रविवारी सकाळी टेलिग्राफ अव्हेन्यू. मोज बुक्स हे १९५९ सालचे चार मजली दुकान नव्या-जुन्या पुस्तकांनी भरलेले आहे. विकत काही घेतले नाही तरी कुणी विचारत नाही.

पुस्तकांवरून आठवले. साठच्या दशकात रेशनच्या दुकानात मिळालेला अमेरिकेचा लाल गहू जुन्या पिढीला आठवत असेल. पी. एल. ४८० या कायद्याखाली तो येई आणि त्याची किंमत आपण रुपयांत चुकवत असू. त्या साठलेल्या रुपयांपैकी काही रक्कम १९६२ पासून भारतीय पुस्तके खरेदी करून अमेरिकेच्या ग्रंथालयांना पाठवण्यासाठी वापरली गेली. मराठी पुस्तकेही त्यात गेली आणि बर्कलेचे ग्रंथालय ती घेणाऱ्यांपैकी एक होते. आपण चपात्या खाल्ल्या आणि त्यांनी आपली पुस्तके जपली! ग्रंथालयाची यादी घरबसल्या संगणकावर पाहता येते. आपल्या आवडत्या लेखकाचे पुस्तक तिथे आहे का हे आधी शोधावे. मात्र सुट्टीच्या दिवशी कोणता विभाग उघडा असतो हे विचारून ठेवावे.

सत्र चालू असेल तर रविवारी दुपारी दोनला मनोऱ्यावरच्या घंटांचे पाऊण तास वादन होते. खाली हिरवळीवर बसून ते फुकट ऐकता येते. नातवंडे बरोबर असतील आणि ती घंटांना कंटाळली, तर मुलाने त्यांना मोटारीतून टेकडीमागच्या टिल्डन उद्यानात न्यावे. तिथे वाफेची छोटी आगगाडी आहे आणि ‘लिटल फार्म’मध्ये गाई-शेळ्यांना आपल्या हाताने लेट्यूस आणि सेलरीची पाने खाऊ घालता येतात. फोर्थ स्ट्रीटवर १९८९ सालापासूनचे विक्स चाट आहे. तिथे भेळ मिळते. ती रंकाळ्यावरच्या भेळेशी ताडून पाहू नये. परमुलखात चिंचेची चटणी मिळाली हेच भाग्य मानावे.

काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. बर्कलेच्या पदपथांवर बेघर माणसे दिसतात आणि इतक्या श्रीमंत देशात हे पाहून आपल्या लोकांना धक्का बसतो. घरभाडे विद्यार्थ्यांच्याही आवाक्याबाहेर गेले आहे. १९६९ च्या आंदोलनातून जन्मलेल्या पीपल्स पार्कच्या जागेवर विद्यार्थ्यांसाठी घरे बांधण्याचा वाद अनेक वर्षे चालला आणि २०२४ मध्ये कोर्टाच्या निकालानंतर बांधकामाचा मार्ग मोकळा झाला. आपला मुलगा शिकत असताना चौघांत एक खोली घेऊन राहत होता, फोनवर मात्र ‘सगळं छान आहे’ म्हणत होता, हे कदाचित इथेच एखाद्या बाकावर बसल्यावर त्याच्या तोंडून पहिल्यांदा कळेल. धावपळीच्या सहलीत असे बोलणे निघत नाही.

तेव्हा बेत आखताना मुलांनी एवढेच करावे : दिवसाला दोनच ठिकाणे ठरवावीत, औषधे आणि विम्याचे कागद एका पिशवीत द्यावेत, हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवायला लावावा आणि एक दुपार आई-वडिलांना त्यांच्या भरवशावर सोडून द्यावे. ते हरवणार नाहीत. आणि आई-वडिलांनी, निघण्याआधी एखाद्या रविवारी, १९६२ च्या नोव्हेंबरात डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारातही एक सावकाश फेरी मारून यावी. चालायचा सराव होईल, आणि तिकडे कुणी ‘तुमच्या गावचं विद्यापीठ कसं आहे हो?’ असे विचारले तर सांगायला चार गोष्टी राहतील.